किंमत तीन हजार नऊशे

रविवारी दुपारी, चाटी गल्लीच्या तोंडाशी,
माझ्या चार फुटी टपरीवर
चार डोकी एका हातरुमालावर वाकलेली.
विहिरीत पडलेली घागर शोधावी तशी.

नवं घड्याळ आलंय. चावीचं.
किंमत तीन हजार नऊशे.
कंपनीचं नाव सांगणार नाही,
ते मला कमिशन देत नाहीत.

अंबादास येमूल आधी कानाला लावतो.
पस्तीस वर्षं मागावर गेली, उजवा कान बाद,
म्हणून डावा.
डोळे मिटून म्हणतो, "धोटा बरा पळालाय बे,
पण एक दोरा तुटका हाय आत."
घड्याळात दोरा नसतो, हे त्याला ठाऊक आहे.
तो काय ऐकतोय ते मलाही ठाऊक आहे:
'टिक'पेक्षा 'टक' किंचित लंगडी.

मैनुद्दीन नदाफ रेल्वेत पॉइंट्समन होता.
त्याचा एकच प्रश्न, दिवसाला किती चुकतं?
आठ दिवस रोज सकाळी आठला टपरीवर येऊन
त्यानं पाठकोऱ्या वहीत मांडलं:
सोमवार अधिक अकरा. मंगळवार अधिक नऊ.
गुरुवारी पारा त्रेचाळीस, उणे चार.
"उन्हात ह्याचीपण चाल मंदावती," तो म्हणाला,
"सोलापूरचंच दिसतंय."
ही तारीफ की तक्रार, अजून ठरलेलं नाही.

वीरभद्र हत्तुरेकडे एकोणीस घड्याळं आहेत,
वीस असती, एक मेहुण्यानं ढापलं.
तो भिंग मागून घेतो आणि मोजायला लागतो.
काच साधी, चरे पडणार.
तीनचा आकडा केसभर तिरका.
पट्टा म्हणजे शेळीचा कान.
"पण या पैशात..." असं म्हणून थांबतो.
सगळेच तिथं थांबतात.
'या पैशात' हे शब्द आज शेंगाचटणीसारखे,
प्रत्येक घासाला चिमूटभर.

मला कुणी विचारलेलं नाही.
मी मागचं झाकण काढून बसलोय.
चौदा वर्षं मी फक्त सेल बदलले,
वीस रुपये, तीस रुपये, आता साठ.
सेलवाल्या घड्याळाच्या आत बघण्यासारखं काही नसतं,
एक बटण जाऊन दुसरं बटण येतं.
इथं मात्र एका स्क्रूच्या खाचेवर ओरखडा आहे,
कुणाचा तरी हात घाईत घसरला असणार,
जेवणाची सुट्टी झाली असेल, किंवा पाळी संपत आली असेल.
तो ओरखडा मी बराच वेळ बघतो.
मग काटेकोर सुईनं पट्टी एक रेघ मागे सारतो
आणि काहीच बोलत नाही.

घड्याळ आहे स्रवंती गाजूलचं.
ती इतका वेळ स्कूटीला टेकून उभी,
तिलाही कुणी विचारलेलं नाही.
शेवटी येमूल म्हणतो, "पोरी, तू का घेतलीस ग?"

"मागं काच आहे ना," ती म्हणते.
"रक्तपेढीत माझी रात्रपाळी असते.
साडेतीनला कुणी नसतं,
फ्रीज घुरघुरतो आणि बंद पडतो.
मी घड्याळ काढून पालथं ठेवते.
ते चाक दिसतं, इकडून तिकडं, इकडून तिकडं.
काहीतरी जागं असतं."

"आणि टाइम?" नदाफ कळवळून विचारतो,
मांडीवर वही उघडीच.

"टाइम भिंतीवर असतो की."

नदाफनं वही मिटली.
हत्तुरे तिसऱ्यांदा पट्ट्याबद्दल बोलायला लागला,
पण आवाज बारीक झाला होता.
स्रवंतीनं घड्याळ मनगटावर बांधलं,
किती झाले विचारलं,
मी साठ सांगितले. सवयच ती.

सोमवारी भर उन्हात हत्तुरे एकटाच आला.
इकडंतिकडं बघितलं,
टपरीच्या फळीवर टकटक केली,
आणि विचारलं,
अठरा मिलिमीटरचा बरा पट्टा आहे का, तपकिरी.
मी कोणत्या घड्याळाला, असं विचारलं नाही.